शेवट ठाऊक, तरी धडधड

तारापूर एमआयडीसीची जनरल शिफ्ट सुटते. कुंभवलीतल्या खोलीवर परतलेली एखादी मुलगी रात्री जेवणखाण उरकते, आडवी होते आणि मोबाइलवर काल अर्धी राहिलेली प्रेमकथा उघडते. नायक देखणा आणि उर्मट, नायिका मानी. दोघं भांडणार, ऐन पावसात कुठेतरी अडकणार, ओल्या पदरावर नजर खिळणार आणि शेवटी लग्न होणार. हे सगळं तिला पहिल्या भागापासून ठाऊक आहे. मग छाती धडधडते कशी? आणि एवढं धडधडून वर मन निवांत कसं होतं?

खरी गंमत त्या ठाऊक असण्यातच आहे. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला. विरस व्हायला हवा होता ना? झालं उलटंच! ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर पोटात गोळा येतो, पण तो हवाहवासा वाटतो, कारण खाली सुखरूप उतरणार याची खात्री असते. प्रेमकथेतलं लग्न ही तीच खात्री.

आता या कथांमधल्या ‘गरम’ भागाकडे वळू. कागदावरची काळी अक्षरं अंगावर काटा कशी आणतात? 2004 मध्ये केम्ब्रिजच्या संशोधकांनी लोकांना नुसती क्रियापदं वाचायला दिली आणि त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चाटणं, उचलणं, लाथ मारणं अशी साधी क्रियापदं. जीभ, हात, पाय खरोखर हलवताना मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच किंवा त्यांना लागून असलेले भाग शब्द वाचतानाही जागे झालेले दिसले. म्हणजे वाचणारी निपचित पडून आहे आणि मेंदू मात्र हालचालीची तालीम करतोय!

मुरलेला लेखक हे प्रयोगाशिवायच ओळखून असतो. नायक नायिकेच्या केसांत अडकलेलं पान काढतो. बोटं मानेपाशी रेंगाळतात. ती श्वास रोखते. आणि दारावरची बेल वाजते. वीतभर अंतर कापायला चार पानं! मला तर ठामपणे वाटतं की या कादंबऱ्यांची ऊब शय्येपेक्षा या ताटकळण्यात जास्त आहे. त्या चार पानांत कुणीतरी त्या बाईकडे संपूर्ण लक्ष देऊन पाहत असतं, आणि असं लक्ष एरवी कुणाच्या वाट्याला किती येतं?

जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावात अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांनाच विचारलं, तुम्ही हे का वाचता? ‘रीडिंग द रोमान्स’ या त्यांच्या 1984 च्या पुस्तकात उत्तरं आहेत. पुस्तक हातात असलं की तेवढा वेळ आपला. घरातल्या कुणाचंही काही करायचं नाही. सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईची काळजी पुस्तकात कुणीतरी घेतं. काहीजणी तर घेण्याआधी शेवटची पानं चाळून बघत, गोड शेवट आहे ना याची खात्री करायला.

मराठीत ही जादू साधली होती कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांनी. (तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या शेजारात काकोडकर म्हटलं की शास्त्रज्ञ अनिल काकोडकर आठवतात; हे निराळे.) 1962 च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ आली: एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटने सोडलं, पण हायकोर्टाने दोषी धरून 25 रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. 25 ऑगस्ट 1969 ला ते निर्दोष सुटले. लैंगिकतेचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता धरली, तर विकायला धार्मिक पुस्तकांखेरीज काही उरणार नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. एका दिवाळी अंकातल्या गोष्टीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वाचायला बसवलं!

तेच वर्ष सरता सरता राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. त्याची कथा काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेली. राजेश खन्ना-मुमताजचं प्रेम त्यात आहेच, पण गाभा आहे एकत्र कुटुंबाचा, फुटू पाहणाऱ्या घराचा. अश्लील म्हणून ज्याच्यावर खटला भरला, त्याच्याच कादंबरीवरचा सिनेमा लोकांनी घरच्यांसोबत बसून पाहिला! मला यात विसंगती वाटत नाही. उत्कंठा कितीही ताणली तरी शेवटी घर शाबूत राहावं, हीच तर या वाचकांची मागणी.

तेव्हा लायब्ररीतून आणलेल्या अशा पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं. आता प्रतिलिपीसारख्या अॅपवर तीच चार पानं भागाभागांत येतात, आणि बोटं मानेपाशी पोचली की लेखिका थेट पुढच्या भागावर सोडते. खाली वाचकांचा तगादा सुरू होतो: पुढचा भाग लवकर टाका! लग्न होणार हे त्यांतल्या प्रत्येकीला पक्कं माहीत असतं.