चाक कमानीला का घासते?

२०१३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. संशोधनाच्या निमित्ताने आम्ही तेव्हा कॅनडातल्या विनिपेग शहरात राहत होतो. तिथल्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे आम्हीही एक जुना, छोटा प्रवासी ट्रेलर विकत घेतला होता. प्रवासी ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची दोन चाकांची खोलीच. आत झोपण्यापुरती जागा, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि दोन-चार कपाटे. फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोलसर असा तेरा फुटी ट्रेलर रे ओलेको यांनी १९६८ साली याच विनिपेगमध्ये तयार केला. पुढे त्याच घाटाचे ट्रेलर इतरही अनेकांनी बनवले. आमचा त्यांतलाच एक, चाळिशीला टेकलेला.

रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानाकडे जाताना मागून येऊन पुढे निघालेल्या एका मोटारवाल्याने आमच्या ट्रेलरकडे बोट दाखवले. थांबून पाहिले, तर उजव्या चाकाजवळ जळक्या रबराचा वास येत होता. चाकावरच्या कमानीच्या छतातून एका बोल्टचे डोके खाली आलेले होते. त्याने टायरच्या माथ्यावर गोल चर पाडला होता आणि चरात टायरच्या आतले धागे दिसत होते. वेग होता ताशी ९० किलोमीटर, आणि मागच्या सीटवर आमच्या दोन्ही मुली झोपलेल्या. तो टायर फुटला असता तर ट्रेलर हेलकावे खात मोटारीलाही सोबत घेऊन गेला असता.

खरे सांगायचे तर ती खरखर आम्ही आदल्या उन्हाळ्यापासून ऐकत होतो आणि ‘रस्ता खराब आहे’ म्हणून सोडून देत होतो. रबरासारख्या बहुवारिकांवर संशोधन करणाऱ्यांना रबराचीच तक्रार ऐकू येऊ नये, याची आजही लाज वाटते.

गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळाले. एक, कमान कापून मोठी करा. दोन, आस आणि सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालून ट्रेलर वर उचला. दोन्ही उपायांनी खरखर थांबली असती. पण एक प्रश्न तसाच राहत होता: ट्रेलर नवा असताना चाक घासत नव्हते, मग मधली जागा गेली कुठे? चाकाचे घासणे ही खूण आहे, रोग नव्हे. रोग शोधायचा तर आधी मोजायला हवे.

जागा खाणारे चौघे

चाकाचा माथा आणि कमानीचे छत यांच्यामधली जागा कमी होण्याची मुख्य कारणे चार. ट्रेलरवर भार जास्त झालेला असू शकतो. टायर मापापेक्षा मोठा असू शकतो. आस वाकलेली असू शकते. किंवा भार झेलणारी स्प्रिंग थकलेली असू शकते. यांपैकी कोणते कारण आपले, हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येकाची परीक्षा घरच्या साधनांनी करता येते.

*भार.* वजनकाट्यावर फक्त ट्रेलरची चाके चढवली. आसेवरचा भार भरला ६७० किलो. आसेवरच्या पट्टीवर मर्यादा होती ६८०. म्हणजे अगदी काठावर, पण आत. मोटारीच्या गोळ्यावर ट्रेलरचे नाक किती भार टाकते, हेही पाहायला हवे होते. त्यासाठी न्हाणीघरातला वजनकाटा आणि एक फळी वापरली. १२० सेंटिमीटरवर दोन आधार. एका आधाराखाली लोखंडी नळी, दुसऱ्याखाली काटा. ट्रेलरचे नाक नळीपासून ३० सेंटिमीटरवर टेकवले. तरफेच्या नियमाने काट्यावर एक चतुर्थांश भार येतो. काटा २० दाखवत होता, म्हणजे नाकावर ८० किलो. एकूण वजन ७५०, आणि त्यातले साधारण दहा-अकरा टक्के नाकावर. हे प्रमाण योग्यच. नाकावरचा भार फार कमी असेल, तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो.

*टायर.* ट्रेलरचे मूळ माप होते १५५/८० आर १३; आधीच्या मालकाने बसवले होते १७५/८० आर १३. यातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. १५५ चे ८० टक्के म्हणजे १२४, १७५ चे १४०. याचा अर्थ मोठ्या टायरची त्रिज्या १६ मिलिमीटरने जास्त.

इथे एक गंमत आहे. मोठा टायर बसवला की ट्रेलर जमिनीपासून १६ मिलिमीटर वर जातो, त्यामुळे ‘जागा वाढली’ असे वाटते. पण आस ट्रेलरलाच जोडलेली असते. ती ट्रेलरबरोबरच वर जाते. आसेपासून टायरचा माथा मात्र १६ मिलिमीटरने उंच होतो. म्हणजे जमिनीशी जागा वाढते तेवढीच कमानीशी ती कमी होते. शिवाय रुंदी २० मिलिमीटरने वाढल्यामुळे आतल्या भिंतीकडची जागाही सुमारे १० मिलिमीटरने घटते.

*वाकलेली आस.* दोन्ही टायरांच्या मध्यरेषांमधले अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजले. आस सरळ असेल तर दोन्ही मापे जवळजवळ सारखी येतात. आमची आली. टायरची एकच कड जास्त झिजलेली नव्हती, हाही पुरावा. हे कारण बाद झाले.

उरली स्प्रिंग.

रबराची स्प्रिंग

ट्रकच्या किंवा एसटीच्या खाली कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे आपण पाहिलेले असतात. अनेक लहान ट्रेलरना असे पाटे नसतात. त्यांची आस म्हणजे एक चौकोनी पोलादी नळी असते. तिच्या आत दुसरा, लहान चौकोनी दांडा ४५ अंशांत फिरवून ठेवलेला असतो. बाहेरच्या नळीच्या चार कोपऱ्यांत चार जागा राहतात, आणि त्यांत रबराचे चार लांब गज दाबून बसवलेले असतात. आतल्या दांड्याच्या टोकाला एक आखूड भुजा आणि भुजेच्या टोकाला चाक. चाकावर भार आला की भुजा वर फिरते, आतला दांडा पिळला जातो, रबर चेपते आणि विरोध करते. हीच स्प्रिंग.

एवढे घट्ट रबर आत जाते कसे? कारखान्यात ते गज अतिथंड करतात. द्रव नायट्रोजनचे तापमान असते उणे १९६ अंश सेल्सियस. त्या थंडीत रबर काचेसारखे कडक होते आणि ताणून बारीक केलेले गज तसेच राहतात. ते नळीत सरकवतात. तापमान वाढले की रबर पुन्हा फुगून जागा घट्ट भरून टाकते. म्हणूनच झिजलेले रबर घरी बदलता येत नाही. बदलायची तर संपूर्ण आस.

ताण आणि बल यांचे प्रमाण सांगणारा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. भार काढला की पूर्ववत होणे, हे चांगल्या स्प्रिंगचे लक्षण. रबर मात्र वर्षानुवर्षे एकाच बाजूला पिळलेले राहिले, तर पूर्ववत होत नाही. त्याच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधणारे काही बंध तुटतात आणि नव्या, पिळलेल्या स्थितीतच पुन्हा जुळतात. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनमुळे नवे बंध तयार होऊन रबर कडक होते. ट्रेलर वापरा किंवा नुसता दारात उभा ठेवा, रबरावरचा भार सुट्टीवर जात नाही.

कंपासपेटीतला कोनमापक

परीक्षा सोपी. कोनमापकाला दोऱ्याने एक नट लटकवला आणि भुजेचा क्षितिजाशी कोन मोजला. भुजा १५ सेंटिमीटर लांब. नवी असताना, भार नसेल तेव्हा, ती क्षितिजाच्या २२.५ अंश खाली असायला हवी. भार असताना आमची भुजा १२ अंश वर होती! मग जॅक लावून चाक अधांतरी केले. चांगली स्प्रिंग असती तर चाक तीन-चार सेंटिमीटर खाली उतरले असते. आमचे उतरले जेमतेम एक सेंटिमीटर. भार काढल्यावरही भुजा ८ अंश वरच राहिली. रबर आपला मूळ आकार विसरले होते.

भार असताना चाक आणि कमान यांच्यामधली जागा मोजली: १.७ सेंटिमीटर. खड्ड्यात चाकावरचा भार क्षणभर दुपटी-तिपटीने वाढू शकतो. एका भाराला एक सेंटिमीटर, तर तिप्पट भाराला आणखी दोन. मिळतात १.७. बोल्टने टायर का कापला, याचे उत्तर इथे मिळाले. रबर कडक झाल्याने जो धक्का स्प्रिंगने गिळायचा तो सांगाड्याला आणि फायबरग्लासला सोसावा लागत होता. भिंतींतले रिव्हेट का निखळतात, तेही कळले.

उपाय आणि त्यांची किंमत

आता गॅरेजच्या सल्ल्यांकडे पाहू. कमान कापली तर जागा वाढते, पण मेलेली स्प्रिंग मेलेलीच राहते. खरखर बंद झाल्याने उलट आपण निर्धास्त होतो. ठोकळ्यांचेही तसेच. ठोकळे वाईट नव्हेत. स्प्रिंग शाबूत असून जागाच अपुरी असेल, तर तो योग्य उपाय आहे. मात्र ट्रेलर जितका उचलू तितका गुरुत्वमध्य वर जातो. समजा दोन चाकांमधले निम्मे अंतर ७५ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंचीही ७५. मग ट्रेलर ४५ अंश कलल्यावर उलटेल. १२ सेंटिमीटर उचलला तर हाच कोन ४१ अंशांवर येतो.

पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या ट्रेलरमध्ये आणखी एक युक्ती करतात. आस पाट्यांच्या वर बसवलेली असेल, तर ती पाट्यांच्या खाली घेतात. त्याने ट्रेलर आसेची जाडी अधिक पाट्यांची जाडी एवढा उंच होतो. पण आस उलटी करून बसवायची नसते. अनेक आसांना मध्यभागी वर उचललेला किंचित बाक दिलेला असतो. उलटी केली की चाके चुकीच्या बाजूला कलतात आणि टायर एका कडेला झिजतात. आस सुलटीच ठेवून पाट्यांची बैठक दुसऱ्या बाजूला वेल्ड करावी लागते.

आम्ही आस बदलली. ‘जरा मजबूतच घ्या’ असा आग्रह झाला, पण १६०० किलोची आस ७०० किलोच्या भाराखाली फारशी पिळलीच जात नाही. नवी असूनही दगडासारखी वागते. आम्ही ९०० किलोची घेतली. टायरही मूळ मापाचे घेतले. त्यांवरचा भारांक होता ७९, म्हणजे एका टायरला ४३७ किलो. दोन्ही मिळून ६७० किलोंना पुरून उरतात.

बसवल्यावर भार असताना भुजा क्षितिजाच्या ८ अंश खाली राहिली. हिशेब असा: भुजेमुळे ५.२ सेंटिमीटर आणि टायरमुळे १.६ सेंटिमीटर जागा परत मिळाली. १.७ मध्ये ही भर घातली की ८.५ होतात. पट्टीने मोजले, तेवढेच भरले. ट्रेलर जमिनीपासून ३.६ सेंटिमीटरने उंच झाला, म्हणून मोटारीमागचा गोळाही तेवढाच वर घेतला. नाहीतर ट्रेलर नाकावर झुकून चालला असता.

शेवटी एक भूमितीची परीक्षा. नाकाच्या टोकापासून आसेच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे मोजली. ती सारखी असतील तर त्रिकोण समद्विभुज, आणि आस प्रवासाच्या दिशेला काटकोनात. आमच्यात १२ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे आस सुमारे अर्धा अंश तिरकी. बोल्ट सैल करून ती सरळ केली. दोन आठवड्यांनी त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. मुली मागे झोपल्या होत्या आणि खरखर नव्हती.

वर्गात करून पाहा

एक रबरबँड खिळ्याला टांगा आणि त्याला सुमारे १०० ग्रॅम वजन लटकवा. लगेच लांबी मोजा आणि नंतर आठ दिवस रोज त्याच वेळी मोजा. वजन तेच, तरी लांबी वाढत जाते का? आठव्या दिवशी वजन काढा आणि रबरबँडची लांबी नव्या रबरबँडशी ताडून पाहा. एक रबरबँड सावलीत आणि एक उन्हात ठेवला तर आणखी काय दिसते?

मुलांना गावातल्या उसाच्या ट्रॉलीजवळही घेऊन जावे, ती थांबलेली असताना आणि चालकाच्या परवानगीने. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉलीच्या टायरची जमिनीपासून मध्यापर्यंतची उंची मोजावी. चाकाभोवतीची जागा रोज दिसते, म्हणूनच ती पाहायची राहते. ती मोजण्याची सवय लागली, तर खरखर ऐकू आल्यावर रस्त्याला दोष देण्याआधी कोणीतरी खाली वाकून पाहील.