हंटरवालीचे न ओसरलेले गारूड

एखादी कडक मुख्याध्यापिका, रुग्णालयातली करड्या शिस्तीची परिचारिका किंवा साऱ्या घराला धाकात ठेवणारी आत्या यांचा उल्लेख मराठीत ‘हंटरवाली’ असा होतो, तेव्हा त्या शब्दाचा जन्म कोठे झाला याचा विचार बोलणारा करीत नाही आणि ऐकणाराही करीत नाही. आमच्या बेंबळीतही हा शब्द सहज कानावर पडतो. तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ बोलपट पाहिलेला नाही. मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने १९३५ साली काढलेल्या ‘हंटरवाली’ या कृष्णधवल साहसपटाचे विशेषनाम भाषेत सामान्यनाम होऊन बसले आहे. एखाद्या चित्रपटाच्या दीर्घायुष्याचे याहून भक्कम प्रमाण कोणते असू शकेल?

कथा म्हणाल तर चार ओळींची. कपटी वजीर राजाला कैदेत टाकतो आणि राजकन्या माधुरीशी विवाह करू पाहतो. माधुरी मुखवटा चढवून, हातात हंटर घेऊन, घोड्यावरून दीनदुबळ्यांच्या रक्षणास धावते. दिवसा उमराव आणि रात्री मुखवटाधारी कैवारी ही कल्पना डग्लस फेअरबँक्स याच्या १९२० सालच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ या अमेरिकन मूकपटावरून परिचित झालेली होती. कथाकार जे. बी. एच. वाडिया आणि दिग्दर्शक होमी वाडिया या बंधूंनी तो मुखवटा पुरुषाच्या तोंडावरून काढून स्त्रीच्या तोंडावर चढविला. हा बदल दिसायला लहान आहे. परंतु सारे गारूड त्यातच आहे.

ती स्त्री कोण, तर मेरी इव्हान्स ऊर्फ नादिया. जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. बालपणीच मुंबईत आलेली. वडील ब्रिटिश सैन्यात होते आणि पहिल्या महायुद्धात कामी आले. सरहद्द प्रांतात ती घोडेस्वारी शिकली. मुंबईत परतल्यावर तिने दुकानात विक्रेतीचे काम केले, शॉर्टहँड-टायपिंगही शिकून पाहिले (आमच्या कारकून बंधूंनी याची नोंद घ्यावी), मग नृत्यपथक, मग सर्कस. केस सोनेरी, डोळे निळे, हिंदी उच्चार परके. अशा बाईला घेऊन काढलेल्या बोलपटावर त्या काळी सुमारे ८०,००० रुपये खर्च झाले आणि तो विकत घ्यायला एकही वितरक पुढे येईना. गोरी बाई धडधाकट पुरुषांना चाबकाने झोडपते, हे कोण पाहणार, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. अखेर प्रदर्शनाची जोखीम वाडियांनाच उचलावी लागली. मुंबईत ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात बोलपट लागला आणि पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. पाठोपाठ नादियाच्या नावाचे हंटर, पट्टे, आगपेट्या बाजारात आल्या. त्यांना निर्मात्याची परवानगी नव्हती. बाजारपेठेला आपले मन ठाऊक असते आणि दलालाला ते ठाऊक असतेच असे नाही, या गोष्टीचे इतके ठसठशीत उदाहरण क्रमिक पुस्तकात सापडत नाही.

वर्गात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकविताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, की मग लोक तोच सिनेमा पाचव्यांदा का पाहतात? प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या आंब्याची गोडी पहिल्याहून कमी लागते हे खरे. पण साहसपट हा आंबा नव्हे. रहस्यपटाचे रहस्य एकदा फुटले की तो संपतो. येथे मात्र वजीर हरणार हे पहिल्या प्रसंगापासूनच ठाऊक असते. प्रेक्षक येतो तो काय घडते हे पाहण्यासाठी नव्हे, तर उडी कशी घेतली जाते हे पाहण्यासाठी. आणि ती उडी खरी असते. नादिया आपली साहसदृश्ये स्वतः करीत असे. ‘मिस फ्राँटियर मेल’मध्ये (१९३६) ती धावत्या आगगाडीच्या टपावर झुंजली. पडद्यावरचा देह हाच मोडू शकणारा देह आहे, ही जाणीव प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणून बसविते. आजच्या ऐतिहासिक चित्रपटांत संगणकाने रचलेले कडे आणि सैन्ये कोट्यवधी खर्चून उभी राहतात. पण त्या कड्यावरून कोणी पडणार नाही हे आपल्याला ठाऊक असते, आणि बहुधा म्हणूनच पार्श्वसंगीताला इतके ओरडावे लागते.

परक्या चेहऱ्याची ही नायिका येथल्या माणसाला परकी का वाटली नाही? ज्या जिल्ह्यात तुळजापूर आहे, तेथे हे कोड्यात टाकणारे वाटू नये. महिषासुराला तुडविणारी देवी ज्यांची कुलस्वामिनी, तिने शिवरायांना तलवार दिल्याची कथा ज्यांनी आजीकडून ऐकली, आणि चांदबिबी, ताराबाई, झाशीची राणी ही नावे ज्यांच्या जिभेवर आहेत, त्यांना शस्त्र धरणारी स्त्री नवलाची नव्हतीच. पडद्यावर ती मर्दानी पोशाखात प्रथम दिसली इतकेच. शिवाय काळ ब्रिटिश सेन्सॉरचा होता. स्वराज्य हा शब्द उच्चारणे कठीण; पण बळकावलेले सिंहासन आणि कैदेतला राजा दाखविण्यास अडचण नव्हती. थर्ड क्लासच्या बाकांवरील प्रेक्षकाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नसे.

अर्थात या बोलपटाच्या मर्यादाही उघड आहेत. अखेरीस राजा पुन्हा सिंहासनावर बसतो, राजकन्येचे लग्न होते आणि दीनदुबळे पूर्वीइतकेच दीनदुबळे राहतात. अन्याय ही एका दुष्ट वजिराची करणी मानली की व्यवस्थेला हात लावण्याचे कारण उरत नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेलेल्या जे. बी. एच. यांना हे जाणवत असावे. ‘डायमंड क्वीन’मध्ये (१९४०) नादियाच्या तोंडी स्त्रीशिक्षणाची आणि स्त्रीस्वातंत्र्याची थेट भाषा आली. पुढे १९४२ साली दोघा भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमींनी बसंत पिक्चर्स काढून साहसपट चालू ठेवले, आणि परळचा वाडियांचा स्टुडिओ व्ही. शांतारामांच्या राजकमलचे घर बनला.

सुशिक्षितांनी या बोलपटांना ‘मारधाडीचे’ म्हणून कायम नाक मुरडले. गिरीश कर्नाडांसारख्या नाटककाराने मात्र आपल्या बालपणीचा सर्वांत अविस्मरणीय आवाज म्हणून घोड्यावरच्या नादियाच्या ललकारीचा उल्लेख मोकळेपणाने केला. होमी वाडियांशी तिचा विवाह १९६१ साली झाला आणि १९९६ च्या जानेवारीत मुंबईत तिचे निधन झाले. त्याआधी तीन वर्षे वाडिया घराण्यातील रियाद वाडिया यांनी तिच्यावर माहितीपट काढला. तो परदेशी महोत्सवांतून फिरला आणि तेथल्या समीक्षकांनी नादियाचा ‘शोध’ लावला. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या शेजारी ती त्याआधी अठ्ठावन्न वर्षे हंटर फिरवीत होती.