बुंधा उघडा हवा

वरूड-मोर्शीच्या काळ्या जमिनीत संत्र्याचं झाड तपासायचं, तर उकिडवं बसून आधी आळ्यातलं कुटार हाताने सारावं लागतं. सोयाबीनच्या कुटाराचा थर चांगलाच. ओल टिकते, तण दबतं, उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबते. पण तोच थर बुंध्याला भिडला की साल सतत भिजत राहते आणि डिंक्या रोगाला वाट मिळते.

भेगेतून तांबूस डिंक ओघळलेला दिसतो. तिथे इळ्याची धार हलकेच चालवली तर आतली साल तपकिरी, कुजकट निघते. निरोगी साल लागेपर्यंत मजूर खरवडत जातो. खरवडलेला एकही तुकडा आळ्यात पडू द्यायचा नाही. सगळं पोत्यात भरून बागेबाहेर जाळायचं. डिंक्या ज्या फायटोफ्थोरामुळे होतो, त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून तर दुहेरी आळं करतात. आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात. ‘भाऊ, पाणी मुळायले पाह्यजे, बुडाले नाही,’ खरवडता खरवडता तो सांगतो.

मग बोर्डो मलम. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून तिसरीत एकत्र ओतायचं. त्यात इळ्याचं घासून स्वच्छ केलेलं पातं बुडवतात. पात्यावर तांबडा थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. त्याच दिवशी ब्रशने जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लावून संपवायचं. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

तणासाठी झाडाखाली रोटाव्हेटर घालणं मला अजिबात पटत नाही. संत्र्याची बहुतेक तंतुमुळं वरच्या फूटभर मातीतच असतात. ती तुटली की झाड दुबळं होतं, जखमांतून रोग शिरतो. लव्हाळ्याच्या गाठी तर तुटून वावरभर पसरतात. त्यापेक्षा तण फुलोऱ्यात येण्याआधी कापून ओळींमध्येच पसरावं. आच्छादन आपोआप होतं. बुंध्यापासून हातभर जागा मात्र मोकळी सोडायची.

नवी बाग लावणाऱ्याने रोपवाटिकेतच वाकून पाहावं. डोळा जमिनीपासून निदान 20-25 सेंटीमीटर उंचीवर बांधलेला हवा, आणि लावल्यावरही तो सांधा मातीवर राहायला हवा. जुन्या बागांत वर्षानुवर्षं माती चढून कित्येक सांधे गाडले गेले आहेत. तिथे मलमाआधी खुरप्याने माती काढावी, मुळांना धक्का न लावता, सांधा दिसेपर्यंत.