त्वचापेढी आणि मोलगीचा घाट

सातपुड्यात थंडी पडली की चुलीजवळची जागा सगळ्यांनाच हवी असते. मोलगीच्या डोंगरपाड्यांत भाजण्याचे प्रसंग घरातच घडतात: निखाऱ्यांवर गेलेला पदर, लवंडलेली चिमणी, पोराच्या अंगावर उलटलेले उकळते पातेले. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे. पण भाजणे मोठे असेल तर देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, पुढे नंदुरबार आणि कधी त्याहून लांब धुळे किंवा सुरत गाठावे लागते.

या प्रवासात वेळ जातो, तो जीवावर बेततो. कातडी जळाली की रक्तातले पाणी सुजेत आणि जखमेत झिरपते, नाडी जलद आणि क्षीण होते, लघवी आटते. पहिल्या दोन दिवसांतले मृत्यू बहुतेक या शॉकचे, किंवा कोंडलेल्या धुराने श्वासनलिका आतून भाजल्याचे. शॉकवर उतारा म्हणजे सलाईन, तेही हिशेबाने. ४० किलो वजनाची बाई ४० टक्के भाजली, तर ४ मिलिलिटर गुणिले ४० किलो गुणिले ४० टक्के, म्हणजे २४ तासांत ६,४०० मिलिलिटर; त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे. रस्त्यात ३ तास गेले, तर अर्ध्या लिटरच्या सहाहून जास्त बाटल्या उरलेल्या ५ तासांत द्याव्या लागतात. म्हणून मोलगीतच लागलेली सलाईन मला सर्वांत मोलाची वाटते.

तगलेला रुग्ण चार-पाच दिवसांनी बोलू लागतो, घरी न्या म्हणतो. नातेवाइकांना हायसे वाटते. धोका मात्र पुढेच असतो. उघड्या जखमेत स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू शिरतात, पट्टीला हिरवट पू लागतो, ताप चढतो, संसर्ग रक्तात पसरतो आणि एकेक अवयव निकामी होतो. वॉर्डात उशिरा होणाऱ्या मृत्यूंचे मोठे कारण हेच. जखम लवकर झाकणे हा त्यावरचा खरा इलाज. १९८०च्या दशकात मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातले डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली होती, ती याच गरजेतून. पण खोल, पसरलेल्या जखमेला कातडीच लागते, आणि रुग्णाच्या अंगावर ती पुरेशी उरलेली नसते.

ही उणीव दान केलेल्या त्वचेने भरता येते. त्यासाठी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी सुरू झाली. दात्याच्या मृत्यूनंतर ६ तासांच्या आत पथक येते. मांड्या, पोटऱ्या आणि पाठीवरून डर्माटोम या उपकरणाने कागदासारखा पातळ वरचा थर सोलून घेतात. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही. पट्ट्या बांधून देह घरच्यांच्या स्वाधीन होतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. तपासणीनंतर ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंशांवर काही वर्षे टिकते. रुग्णाच्या अंगावर ती दोन-तीन आठवडेच राहते, मग सुटते. पण तेवढ्यात जंतूंची वाट अडते, वेदना कमी होतात आणि रुग्णाची स्वतःची त्वचा थोडी थोडी लावायला सवड मिळते.

नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. नंदुरबारच्या रुग्णाला मात्र दोन्ही दूर पडतात. पण त्वचेला लागतो जवळपास तेवढाच थंडावा सांभाळत लशीचे डबे आजही सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत पोचतात. त्याच पद्धतीने त्वचाही नंदुरबारपर्यंत नेता येईल. तिथे ती लावणारा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रोज निर्जंतुक पट्टी बदलणाऱ्या परिचारिका कायमच्या नेमायला हव्यात.