मागच्या डोळ्याला वीज कुठली?

"येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या... बास, बास!"

मित्रांनो, हा आवाज तुम्ही नक्कीच ऐकला असेल. गल्लीत, सोसायटीच्या आवारात किंवा मंगल कार्यालयाबाहेर एखादी मोटार मागे येत असते आणि कोणीतरी काका डिकीवर थाप मारत ड्रायव्हरला वाट दाखवत असतात. ड्रायव्हरला पुढचं सगळं दिसतं. आरशांत मागचा रस्ताही दिसतो. पण मागच्या काचेच्या खालचा, गाडीला अगदी लागून असलेला जमिनीचा तुकडा काही केल्या दिसत नाही. तिथं सायकल आडवी पडलेली असेल, मांजर बसलेलं असेल, किंवा चेंडू उचलायला वाकलेलं तीन वर्षांचं मूल असेल, तरी आरसा म्हणतो, "रस्ता मोकळा आहे!"

म्हणूनच गाडीला मागे एक डोळा हवा, ही कल्पना निघाली. ती तशी जुनीच आहे, बरं का! १९५६ साली अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीने 'सेंच्युरियन' नावाची एक नमुना-मोटार प्रदर्शनात मांडली. तिला मागचं पाहायला आरशाऐवजी टेलिव्हिजन कॅमेरा होता आणि ड्रायव्हरसमोर छोटा पडदा. पुढे १९९१ मध्ये जपानमध्ये टोयोटाच्या 'सोअरर' या मोटारीत असा कॅमेरा खरोखर मिळू लागला. अमेरिकेत मागे येणाऱ्या गाड्यांखाली लहान मुलं सापडण्याचे अपघात झाले. त्यांत कितीतरी वेळा गाडी घरच्याच माणसाची असे. म्हणून २००८ साली तिथं कायदा झाला, आणि १ मे २०१८ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा ड्रायव्हरला दिसलीच पाहिजे, असा नियम लागू झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा ओळखून 'टूं टूं' करणारे सेन्सर सक्तीचे झाले.

पण त्याआधीच्या जुन्या गाड्यांचं काय? त्यांना कॅमेरा वेगळा आणून बसवतात. तो असतो सुपारीएवढा. नंबरप्लेटच्या वर सहज मावतो. कॅमेरा बसवणं सोपं, पडदा बसवणंही सोपं. खरा प्रश्न पुढेच असतो: या डोळ्याला वीज द्यायची कुठून?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय? गाडीत बॅटरी असते की!" थांबा. उत्तर इतकं सोपं असतं, तर हा लेख इथंच संपला असता.

तीन तारा, तीन स्वभाव

मोटारीतली बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यात सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक घट दोन व्होल्टहून थोडी जास्त वीज देतो. बॅटरी पूर्ण भरलेली असली, की मीटर साधारण १२.६ व्होल्ट दाखवतो. इंजिन चालू झालं, की अल्टरनेटर बॅटरी भरू लागतो आणि आकडा १४ च्या आसपास जातो.

या बॅटरीतून गाडीभर तारा पसरलेल्या असतात. पण सगळ्या तारा एका स्वभावाच्या नसतात. काही तारांत वीज चोवीस तास असते. काहींत ती किल्ली फिरवल्यावरच येते. आणि काहींत ती एखादं विशिष्ट काम असेल तेव्हाच येते.

समजा, तुमच्या काकांनी कॅमेरा पहिल्या प्रकारच्या, म्हणजे चोवीस तास वीज असणाऱ्या तारेला जोडला. काय होईल? वही घ्या, हिशोब करू. असा छोटा कॅमेरा साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह घेतो असं धरू. दिवसाचे तास २४.

०.१५ × २४ = ३.६

म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर गाडी पाच दिवस नुसती उभी राहिली, तरी निम्मी बॅटरी संपली! दिवाळीच्या सुट्टीत काका आठ-दहा दिवस गावाला गेले, तर परत आल्यावर किल्ली फिरवताच गाडी फक्त 'टिक' करेल आणि गप्प बसेल. थेंबे थेंबे तळं साचतं, तसं थेंबे थेंबे ते रिकामंही होतं.

मग दुसरी तार घ्यावी का? किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, म्हणजे रेडिओला वीज देणारी? आता बॅटरीची काळजी मिटली. पण गाडी साताऱ्याहून पुण्याला पुढे पुढे चालली असतानाही कॅमेरा उगाचच चालू राहणार. शिवाय पडद्याला कळणार कसं, की आता रेडिओ दाखवायचा की मागचा रस्ता? दरवेळी बटण दाबावं लागणार. आणि घाईच्या वेळी माणूस नेमकं तेच विसरतो.

म्हणजे कॅमेऱ्याला नुसती वीज नको. त्याला हवी आहे वेळ सांगणारी वीज. "आता गाडी मागे जाणार आहे" हे ज्या तारेला ठाऊक असतं, ती तार हवी. अशी तार गाडीत असते का?

असते! आणि ती तार काय करते, हे तुम्ही रोज पाहता.

पांढऱ्या दिव्याचं गुपित

गाडीच्या मागे लाल दिवे असतात, पिवळे असतात, आणि एक किंवा दोन पांढरे दिवे असतात. हा पांढरा दिवा फक्त रिव्हर्स गिअर टाकल्यावरच लागतो. साध्या गाडीत गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. रिव्हर्स गिअर पडला, की आतली कळ दाबली जाते, स्विच जुळतो, आणि वीज पळत जाऊन मागचा दिवा लावते. गिअर काढला, की दिवा बंद.

हीच ती तार! बहुतेक जुन्या गाड्यांत कॅमेऱ्याची वीज या पांढऱ्या दिव्याच्या तारेतूनच घेतात. दिवा २१ वॅटचा आणि कॅमेरा जेमतेम दोन वॅटचा, त्यामुळे तारेवर जादा भार पडत नाही. शिवाय दिवा मागे आणि कॅमेराही मागे, म्हणजे लांबवर तार ओढायलाही नको.

कॅमेऱ्याचं चित्र पुढच्या पडद्यापर्यंत नेणारी जी लांब वायर येते, तिला टोकाला पिवळी पिन असते. बऱ्याच वायरींना एक बारीक लाल तारही चिकटलेली असते. अनेकांना ती बिनकामाची वाटते. पण तिचं काम मोलाचं आहे. मागच्या दिव्याची वीज ती पुढे पडद्याकडे नेते, म्हणजे जणू निरोप देते: "गिअर पडला, आता मागचा रस्ता दाखव!"

आता कोणी विचारेल, "वायरलेस कॅमेरा आणला तर?" नावावर जाऊ नका. बहुतेक वायरलेस कॅमेऱ्यांत फक्त चित्र बिनतारी जातं. विजेसाठी तार लागतेच. काही कॅमेऱ्यांत मात्र स्वतःची छोटी बॅटरी असते. तिला अधूनमधून चार्ज करावं लागतं, नाहीतर सूर्यप्रकाशावर भरणारी पट्टी लागते.

तार ओळखायची कशी?

मागच्या दिव्यांत चार-पाच रंगांच्या तारा असतात. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. जाणकार इलेक्ट्रिशियन काय करतो, ते एकदा जवळ उभं राहून पाहा. (गाडीच्या बाजूला उभं राहून हं, मागे नव्हे!) तो चाकांना विटा लावतो, हँडब्रेक ओढतो, इंजिन बंदच ठेवतो, किल्ली 'ऑन'वर फिरवतो आणि रिव्हर्स गिअर टाकतो. मग टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर घेऊन एकेक तार तपासतो. गिअर टाकला की १२ व्होल्ट आणि काढला की शून्य, अशी जी तार सापडेल, ती आपली.

घरातला स्क्रू-ड्रायव्हरसारखा टेस्टर इथं उपयोगाचा नाही, बरं का. त्यातल्या निऑन दिव्याला उजळायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. १२ व्होल्टवर तो लागतच नाही, आणि आपल्याला वाटतं तारेत वीजच नाही!

अर्थाचा अनर्थ

वीज गेली, की तिला परतही यावं लागतं. घरात जाण्यायेण्याला दोन तारा असतात. मोटारीत मात्र परतीचं काम गाडीचं लोखंडी अंगच करतं. बॅटरीचं ऋण टोक त्याला जोडलेलं असतं. मेकॅनिक त्याला 'अर्थ' म्हणतात. आणि हा अर्थ बिघडला, की अक्षरशः अनर्थ होतो.

कसा ते पाहा. काकांनी कॅमेऱ्याची परतीची तार मागच्या दिव्याच्याच गंजक्या स्क्रूला जोडली. गिअर टाकला, चित्र आलं. सगळे खूश! गाडी थोडी मागे गेली, काकांनी ब्रेक दाबला, आणि चित्र गायब! ब्रेक सोडला, चित्र परत हजर. आता कॅमेऱ्याचा आणि ब्रेकचा काय संबंध?

संबंध त्या गंजाचा आहे. पांढऱ्या दिव्याचा प्रवाह त्याच स्क्रूतून परत जातो आणि ब्रेकच्या दिव्याचाही. गंज दोन ओहमचा अडथळा करत असेल, तर दोन्ही दिवे लागल्यावर चारेक व्होल्ट त्या गंजातच खर्ची पडतात. कॅमेऱ्याच्या वाट्याला उरतात आठ. एखादा कॅमेरा तेवढ्यावर भागवेल, एखादा मान टाकेल. आणि मागे जाताना ब्रेक दाबतात तो नेमका कधी? मागे काहीतरी आलं असं वाटतं तेव्हा! म्हणजे ज्या क्षणी पाहायचं, त्याच क्षणी डोळा मिटला. उपाय साधा आहे: गंज आणि रंग खरवडून, स्वच्छ चकचकीत पत्र्यावर वेगळा अर्थ घ्यायचा.

हा प्रयोग तुम्हाला घरीही करता येईल. टॉर्चचे दोन सेल, दोन छोटे बल्ब आणि पेन्सिलीतल्या शिशाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घ्या. दोन्ही बल्ब वेगवेगळ्या तारांनी सेलच्या धन टोकाला जोडा आणि दोघांची परतीची वाट त्या शिशातूनच ऋण टोकाकडे न्या. एक बल्ब लावा. मग दुसरा जोडा. पहिला मंद होताना दिसेल. शिसं म्हणजे आपला गंजका स्क्रू! (शिशाचा तुकडा एकटाच सेलला जोडू नका, तापेल. आणि घरातल्या प्लगच्या विजेवर असले प्रयोग कधीही करायचे नाहीत.)

नव्या गाड्यांचा नखरा

अलीकडच्या काही गाड्यांत दिव्यांना वीज सरळ येत नाही. एक छोटा संगणक ती सोडतो. दिवा शाबूत आहे ना, हे पाहायला तो मधूनच विजेचे बारीक झटके देतो. काही गाड्यांत तर दिव्याची वीज सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद होत असते. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं. चित्र थरथरतं, आडव्या रेघा येतात.

अशा वेळी मधे 'रिले' बसवतात. रिले म्हणजे विजेने दाबला जाणारा स्विच. दिव्याच्या तारेने फक्त हुकूम द्यायचा, आणि कॅमेऱ्याची वीज मात्र फ्यूजच्या पेटीतून, स्वच्छ आणि सरळ, घ्यायची. दिव्याची वीज तुटक असेल, तर रिलेच्या आधी डायोड आणि कॅपॅसिटरचा छोटा फिल्टरही लावतात, नाहीतर रिलेच टकटक करत बसेल.

आणखी दोन गोष्टी चांगला कारागीर विसरत नाही. एक, फ्यूज. एक-दोन अँपिअरचा फ्यूज जिथून वीज घेतली तिथंच, अगदी जवळ लावायचा. पुढे तार कुठं सोलली आणि पत्र्याला टेकली, तर फ्यूज जळेल, गाडी नाही. दुसरी, डिकीच्या दाराची वाट. दार रोज उघडतं, मिटतं. तार पत्र्याच्या भोकातून तशीच नेली, तर धारेवर घासून वर्ष-सहा महिन्यांत तुटेल. गाडीच्या मूळ तारा जिथून जातात, त्या रबरी नळीतूनच ती न्यायला हवी.

मित्रांनो, हे काम स्वतः करायला जाऊ नका. ते जाणत्या माणसाचं आहे. एअरबॅगच्या तारांना टेस्ट लॅम्प लागला, तर भलतंच होऊ शकतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतल्या जाड नारिंगी तारा तर जीवघेण्या असतात. गाडी वॉरंटीत असेल, तर तार कापण्याआधी विचारलेलं बरं. पण घरी कॅमेरा बसत असेल, तेव्हा तुम्ही चार प्रश्न जरूर विचारा: "वीज कुठल्या तारेतून घेतली? अर्थ कुठं जोडला? फ्यूज लावला का? आणि ब्रेक दाबून पाहिलं का?" ज्याने काम नीट केलंय, त्याला उत्तरं द्यायला आनंदच वाटेल.

आणि आईबाबांनो, कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडतो, पावसाचा थेंब बसतो. म्हणून गाडीत बसण्याआधी मागून एक फेरी मारायची सवय सोडू नका. तिला वीज लागत नाही.

शेवटी एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी, मुलांनो. कॅमेऱ्याला जागं करणारी आणि पांढरा दिवा लावणारी तार एकच आहे, हे आता तुम्हाला ठाऊक झालं. ती तार एकाच वेळी दोघांना निरोप देते. आत ड्रायव्हरला म्हणते, "मागे पाहा." आणि बाहेर तुम्हाला म्हणते, "बाजूला व्हा." जुन्या गाडीला कॅमेरा असेल, नसेल. पण उद्या खेळताना समोरच्या गाडीचा पांढरा दिवा लागलेला दिसला, तर चेंडू तिथंच राहू द्या. आधी धाकट्या भावंडाचा हात धरा आणि बाजूला व्हा.