पुस्तकाला कुणी सांगितलं?

मुलांनो, दर वर्षी १२ जानेवारीला मी आमच्या टेंभुर्णीच्या शाळेत सोलापूरच्या चार हुतात्म्यांची गोष्ट सांगतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. एकदा चौथीतली एक पोर मध्येच म्हणाली, "सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुस्तकानं."

"मग पुस्तकाला कुणी सांगितलं?"

आता बोला!

पुस्तकाला सांगितलं त्या काळच्या कागदांनी. पत्रं, हुकूम, वर्तमानपत्रं, ही इतिहासाची अस्सल साधनं. असे कागद मिळवायला इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले. तुम्हाला मात्र घरच्या मोबाइलवरही सुरुवात करता येते बरं का! दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' २०१५ साली सुरू झालं. तिथं जुन्या सरकारी फायलींची पानं जशीच्या तशी बघायला मिळतात. ताई-दादाला सोबत घ्या, कारण बरंचसं इंग्रजीत आहे.

शोधताना एक गंमत ध्यानात ठेवा. इंग्रज लोक सोलापूर लिहिताना 'एस'पुढे 'एच' लावायचे, म्हणजे 'शोलापूर'! पुण्याचं 'पूना'. जुना कागद हवा, तर नावही जुनंच टाका.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, पुढे शहरात लष्करी कायदा लागला. इंग्रज सरकारच्या लेखी ही 'दंगल', आपल्या लेखी लढा. मग सरकारी कागद खोटा का? तसं नाही. कोणता हुकूम कधी सुटला, हे तो चोख सांगेल. पण लिहिणारा गोळी झाडणाऱ्यांच्या बाजूचा. ज्याला गोळी लागली, त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली का, हे त्याला कुठून ठाऊक?

असे कागद आपल्या घरीही असतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात कितीतरी गावं गेली. आमच्याकडे अनेकांच्या ट्रंकेत जमीन गेल्याच्या नोटिसा अजून आहेत. घरच्यांना विचारून त्यांचे फोटो काढा. सावलीत, सपाट ठेवून, आणि दोन्ही बाजूंचे! वर्गातल्या एकानं आणलेल्या नोटिशीत नुसतं जमिनीचं क्षेत्र होतं. उलटून पाहिलं, तर मागं त्याच्या पणजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं: आंबे सात, चिंच एक, विहीर एक.