शटडाउन घेतलं म्हणजे तार मेली?

‘शटडाउन घेतलंय, आता काय होतंय? चढू दे पोराला एकट्याला.’ पावसात डहाणू-तलासरी पट्ट्यात फांद्या तारांवर पडू लागल्या की हा धीर हमखास दिला जातो. पोरगा म्हणजे आयटीआय झालेला शिकाऊ उमेदवार. या वाक्यातला आत्मविश्वास कुठून येतो, कळत नाही. स्विच उघडला की एका बाजूचा पुरवठा थांबतो, एवढंच. पलीकडे बोर्डीच्या एखाद्या रिसॉर्टने चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटर सुरू केला, तर तीच तार उलट्या बाजूने जिवंत होते. मध्ये डीपी (वितरण ट्रान्सफॉर्मर) असली तर आणखी वाईट. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो, त्यामुळे जनरेटरचे २३० व्होल्ट ११ केव्हीच्या तारेवर हजारो व्होल्ट होऊन पोचतात. शेजारून जाणारी चालू उच्चदाब लाइनही बंद तारेत दाब निर्माण करते. म्हणूनच स्विच उघडून कुलूप लावायचं, तार तपासायची आणि कामाच्या दोन्ही बाजूंना शॉर्ट करून अर्थ करायची. त्याआधी तिला हात नाही.

‘एकट्याने केल्याशिवाय शिकणार कसा?’ हा आक्षेप वरवर रास्त आहे. हाताने काम केलंच पाहिजे, पण जाणकाराच्या नजरेसमोर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम (आधी २०१०चे, आता २०२३चे) लाइनवरचं काम नेमून दिलेल्या व्यक्तींपुरतंच ठेवतात. शिकाऊ हा तसा नेमलेला माणूस नव्हे. शिवाय हृदय थांबलं तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आतल्या पाड्यावर १०८ तेवढ्यात पोचेल, ही आशाच चुकीची. पुरवठा तोडून छाती दाबायला खाली दुसरा माणूस हवाच.

बाकीचे समज थोडक्यात. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं नव्हे. आधी तो चालू सॉकेटवर तपासा. रबरी चप्पल हे संरक्षण नाही, ओली तर नाहीच. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत आले तर वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी ट्रिप होईलच असं नाही.

आणि मालकांचा लाडका समज: ‘शिकाऊ हा कामगार नाही, मग जबाबदारी कसली?’ शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ त्याला कामगार मानत नाही, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार प्रशिक्षणादरम्यान झालेल्या इजेची भरपाई मालकालाच द्यावी लागते.